ढवळाढवळ करू नये

मराठी घरात सफरचंद खाण्यासाठी येत नाही. आंबा खाण्यासाठी येतो, सीताफळ खाण्यासाठी येतं, पेरू तर मंडईतून घरी पोचेपर्यंत अर्धा संपलेला असतो. सफरचंद येतं ते कामानिमित्त. सत्यनारायणाला पाच फळं लागतात म्हणून एक येतं, गणपतीपुढच्या परडीत शोभेला म्हणून चार येतात, आणि घरात कुणी आजारी पडलं की मग किलोकिलोने येतात. पेशंटला भेटायला जाताना मोसंबी न्यावीत की सफरचंदं, एवढाच पर्याय आपल्या समाजाने माणसाला दिला आहे. पेशंटला पथ्य असो, मधुमेह असो, तोंडात एकही दात नसो; उशाशी सफरचंद ठेवलं की भेट रीतसर झाली.

आमच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं ते नेमकं गणपतीच्या आगेमागे. म्हणजे हिमाचलचा माल बाजारात ओसंडतोय, काश्मीरचाही यायला लागलाय, भाव उतरलेले आणि अख्ख्या सांगलीला काकांचा कळवळा आलेला. डायनिंग टेबलावर रास लागली. ह्या फळाची एक खोड आहे. बाहेरून ते लालबुंदच राहतं. आतून कधी पिठूळ झालं ते चावल्याशिवाय कळत नाही. पिठूळ सफरचंद कुणी खात नाही आणि कुणी टाकतही नाही, कारण ते कुणीतरी प्रेमाने आणलेलं असतं आणि आणणारा माणूस बहुधा समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहत असतो.

ह्या राशीला मुळात एक अमेरिकन माणूस जबाबदार आहे. सॅम्युअल स्टोक्स हा फिलाडेल्फियाचा तरुण १९०४ साली कुष्ठरोग्यांची सेवा करायला हिंदुस्थानात आला, सिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगढला राहिला, तिथलीच मुलगी केली, आणि १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून ‘रेड डिलिशस’ची कलमं आणून लावली. पुढे तो स्वातंत्र्याच्या चळवळीत पडला, तुरुंगात गेला आणि १९३२ साली हिंदू होऊन सत्यानंद झाला. रुग्णसेवेसाठी आलेल्या माणसाने आणलेलं फळ शंभर वर्षांनी पेशंटच्याच उशाशी जाऊन बसलं, हे एका अर्थी न्यायाचंच झालं. ते पेशंटच्या उशाकडून पुढे कुठे न्यायचं, एवढं मात्र तो सांगून गेला नाही.

ते माझ्या लेकीने सांगितलं. ती कॉलेजच्या सुट्टीवर आलेली होती आणि तिच्या मोबाइलमध्ये एक सोपा गोड सफरचंदाचा ब्रेड होता. यीस्ट नाही, मळणं नाही, रात्रभर उबेला ठेवणं नाही. एका भांड्यात कोरडं, एका भांड्यात ओलं, दोन्ही एकत्र केलं की ओव्हनमध्ये. अंडंसुद्धा नाही, त्यामुळे आईची हरकत निघायच्या आतच मिटली. दहा मिनिटांची तयारी, असं तिथे लिहिलेलंच होतं.

पहिली पायरी होती ओव्हन रिकामा दहा मिनिटं तापवणे. त्यासाठी तो आधी रिकामा करावा लागतो, ही त्याच्याही आधीची पायरी मात्र कुठल्याच पाककृतीत लिहिलेली नसते. आपल्याकडे ओव्हन हे दार असलेलं कपाट असतं. आमच्यातून अप्पेपात्र निघालं, ढोकळ्याच्या ताटल्या निघाल्या, मोदकाचे साचे निघाले, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली एक प्लास्टिकची पिशवी निघाली. सोऱ्याची शेवेची चकतीही निघाली. ती हरवल्याचा आळ काकू गेल्या दिवाळीपासून कामवाल्या बाईंवर घेत होत्या. चकती त्यांनी न बोलता पदराआड केली.

“रिकामा तापवायचा?” काका म्हणाले. “म्हणजे नुसती हवा गरम करायची? मीटर पडतंय त्याचं काय?”

काकांना डॉक्टरांनी वजन उचलायला, जिने चढायला आणि खोकायला मनाई केली होती. बोलायला केली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ते बसलेले. मी त्यांना एकशेऐंशी अंश, दोन्ही कॉइल, आत एकदम उष्णता मिळायला हवी वगैरे समजावून सांगेपर्यंत आईने मधल्यामध्ये त्या तापत्या ओव्हनमध्ये ताटलीभर शेंगदाणे सरकवले होते. वास सुटला तेव्हा लेकीला कळलं. त्या दिवशी सगळ्यात आधी आणि सगळ्यात निर्विवादपणे यशस्वी झालेला पदार्थ म्हणजे ते शेंगदाणे. सगळीकडून सारखे भाजले होते.

मग मापाचा प्रश्न आला. दोन कप मैदा. कुठला कप? घरात चहाचे कप होते, कॉफीचे मग होते, लग्नात आलेल्या सेटमधला एक कान तुटलेला होता. लेक म्हणाली, कप म्हणजे दोनशे चाळीस मिली. आईने फळीवरून आमटीची वाटी काढली आणि म्हणाली, “हा कप.” ह्या बाबतीत आईच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं ते वाटी आणि चमचा ही मापं घेऊन, आणि त्या वाट्या-चमच्यांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी नव्या संसारांची पहिली भाजी तरली. अमेरिकेत हेच काम १८९६ साली फॅनी फार्मर ह्या बाईंनी केलं होतं. चमचा घ्यायचा तर सुरीने सपाट करूनच, असा त्यांचा दंडक. आपल्याकडे सपाट चमचा ही कंजूषपणाची खूण मानतात.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य धरणाचं पाणी क्युसेकमध्ये मोजण्यात गेलं. दोनशे चाळीस मिली हा आकडा त्यांना थेट काळजाला लागला. त्यांनी त्यांच्या खोकल्याच्या औषधाचं पंधरा मिलीचं टोपण मागवलं. “सोळा टोपणं बरोबर एक कप. आणा ती वाटी, कॅलिब्रेट करू.” आणि खरोखर ते एकेक टोपण पाणी वाटीत ओतायला लागले. अकराव्या की बाराव्या टोपणाला काकूंनी विचारलं, “दुपारची गोळी घेतलीत का?” आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सोळावं टोपण पडलं तेव्हा वाटी काठोकाठ भरली होती. आई काही बोलली नाही. न बोलता तिने वाटी पुसली, मैद्यात बुडवली, आणि वर बोटाने शीग सपाट केली. बोटाने.

सफरचंदं दोनच लागणार होती. राशीच्या मानाने हे अगदीच तुटपुंजं होतं, पण सुरुवात म्हणून ठीक. सालं काढायचं काम काकांना दिलं, कारण त्यात वजन नव्हतं. त्यांनी साल न तुटता एका लांबच लांब पट्टीत काढलं आणि ते सगळ्यांना दाखवेपर्यंत सफरचंद काळं पडलं. कापलेल्या फोडीला हवा लागली की ती तपकिरी होते, लिंबू चोळलं तर होत नाही, ब्रेडमध्ये दालचिनी पडल्यावर ते कुणाला दिसणारही नव्हतं, पण काकू “काळं कसं घालायचं?” म्हणून अडून बसल्या आणि लिंबू पिळून मोकळ्या झाल्या. बायको बारीक फोडी करत होती. जाता येता जो तो एक फोड तोंडात टाकत होता. दोनाची चार सफरचंदं झाली ती अशी. सालं आईने टाकू दिली नाहीत. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घराण्यात सफरचंदाचं साल कचऱ्यात जाईल ही अपेक्षाच चूक आहे. ती तीळ आणि सुकी मिरची घेऊन दुसऱ्या गॅसवर कामाला लागली.

दालचिनीवरून थोडं झालं. आईच्या मते दालचिनीची जागा मसालेभातात. गोडात घालायचं ते जायफळ, फार तर वेलदोडा. लेकीच्या मते सफरचंद आणि दालचिनी ही जोडी जगभर चालते. “जगात जायफळ नसेल,” आई म्हणाली. शेवटी दालचिनीही पडली, जायफळही पडलं, आणि आम्ही वळल्यावर वेलदोड्याची पूडही पडली असावी, कारण नंतर ती लागली.

बेकिंग पावडरच्या डबीवरची तारीख बघताना मी एक माहिती सांगितली. सांगायला नको होती, असं म्हणत नाही. पण वेळ चुकली. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा एक रसायनज्ञ होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे म्हणून त्याने १८३७ साली बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं, तेच आपलं कस्टर्ड पावडरचं घराणं. तिला यीस्टही सोसत नसे, म्हणून १८४३ साली त्याने बेकिंग पावडर केली. आम्ल आणि सोडा दोन्ही कोरडे, एका डबीत. पाणी लागलं की काम सुरू. बायकोच्या पोटासाठी माणसाने पदार्थविज्ञानच बदललं.

“बघा,” बायको सुरी न थांबवता म्हणाली, “आणि मला सीताफळाने सर्दी होते हे लग्नापासून सांगतेय, तरी घरात येतंय ते येतंयच.”

आता मुख्य प्रसंग. लेकीने दह्यात साखर आणि तेल फेटून घेतलं होतं. मैदा, बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूट मीठ आणि मसाले चाळून घेतले होते. फोडींना थोडा मैदा चोळून ठेवला होता, म्हणजे त्या तळाशी बसत नाहीत. सगळं एकत्र आलं आणि तिने जाहीर केलं, “आता कुणी हात लावायचा नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. गुठळ्या राहिल्या तरी चालतील.”

गुठळ्या राहिल्या तरी चालतील, हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. पिठल्यात गुठळी म्हणजे माहेरचा उद्धार, शिऱ्यात गुठळी म्हणजे पाहुण्यांपुढे अब्रू. काकूंचा हात आपोआप डावाकडे गेला. “एकदाच फिरवते गं, वरच्यावर.” त्यांच्या मागून बायको पाणी प्यायला आली आणि जाताना दोन वेढे देऊन गेली. आईने “बघू किती सैल आहे” म्हणत डाव उचलून धार पाडून बघितली. काका खुर्चीतून, “खालून घ्या, खालून वर आणा.” वास्तविक लेकीचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. मैद्यातली प्रथिनं पाणी लागलं की एकमेकांना धरू लागतात आणि जितकं ढवळावं तितकी घट्ट धरतात. पुरणपोळीला हीच पकड हवी असते. तेलपाणी लावून कणीक तासतासभर तिंबायची ती त्यासाठी, म्हणजे पोळी पोटात पुरण घेऊनही फाटत नाही. ज्या बाईने आयुष्यभर कणीक तिंबली तिला कुणीतरी येऊन सांगतं, थांब, अजून गुठळ्या आहेत तोवर सोडून दे. आईने ते ऐकून घेतलं हेच नवल.

तेवढ्यात फोन वाजला. इंदूरच्या आत्याचा. काकांची चौकशी करायला ती रोज ह्याच सुमारास फोन करते आणि तो पाऊण तासाच्या आत संपत नाही. काकू हात पुसायला लागल्या.

“वाजू दे,” आई म्हणाली. “सोडा पडलाय.”

सगळे थबकले. काकूंनी हात पुसायचे थांबवले. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की बुडबुडे त्याच क्षणी सुटायला लागतात, ते आत्याचं बोलणं संपेपर्यंत थांबत नाहीत. उशीर झाला की ओव्हनमध्ये जातो तो निव्वळ लगदा. हे लेकीने वाचलेलं होतं. आईने ते कुठे वाचलेलं नव्हतं, तिने ढोकळा केलेला होता. फोन वाजून वाजून थांबला. टिन ओव्हनमध्ये गेला. दार लागलं.

आणि मग कुणाला काहीच करता येईना.

आपला सगळा स्वयंपाक हा मध्ये पडण्यावर उभा आहे. आमटी पळीवर घेऊन चाखायची, आंबट झाली तर गुळाचा खडा टाकायचा. भाजी खाली लागतेय असं वाटलं तर ताटावर पाणी ठेवायचं. भात कच्चा वाटला तर झाकण ठेवून वाफ द्यायची. फोडणी करपली तरी वर दुसरी फोडणी देता येते. चुकीवर शेवटच्या मिनिटापर्यंत इलाज आहे, आणि जो तो इलाज सुचवायला तयार आहे. ओव्हनचं दार एकदा लागलं की पन्नास मिनिटं ह्या सगळ्यांना बेकार करतं. मीठ बघता येत नाही. उलटता येत नाही. मध्येच दार उघडलं तर आतली उष्णता बाहेर पडते आणि मधला भाग खाली बसतो, म्हणजे नुसतं बघणंसुद्धा गुन्हा.

आम्ही सगळे काचेसमोर बसलो. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसतात तसे. मी तसं म्हणालोही, “काका, तुमच्या वेळी आम्ही असेच बसलो होतो.”

“तुम्ही कॅन्टीनमध्ये होतात,” काका म्हणाले. “मला शुद्धीवर आल्यावर वहिनींनी सांगितलं.”

काकूंना त्या रिकामपणात मे महिना आठवला. त्यांच्या लहानपणी नानकटाई घरी करत नसत, बेकरीत नेऊन करून आणत. मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यात भरून भट्टीवर जायचं आणि नंबर लावायचा. बेकरीतला माणूस पीठ हाताने फेसून देई, घरच्या पोरी भट्टीच्या झळा खात पत्र्यांवर गोळे मांडत, वर एकेक वेलदोड्याचा दाणा. आपला पत्रा कुठला हे ओळखायला कोपऱ्यात खूण. “तिथेही आमची आई त्याला सांगायची, जरा कमी भाज, मागच्या वेळी कडेने काळी झाली होती,” काकू म्हणाल्या. “तो हो म्हणायचा आणि त्याला पाहिजे तशीच भाजायचा.” मग गोल अॅल्युमिनियमच्या केक ओव्हनची आठवण निघाली, झाकणाला मध्ये काचेची खिडकी असलेला. खिडकीवर वाफ धरे आणि आत काय चाललंय ते कधीच दिसत नसे, तरी सगळी चाळ वाकून बघून जायची. कुकरमध्ये वाळू घालून केलेला केक निघाला. बोलता बोलता काकू दोनदा दाराच्या कडीपर्यंत जाऊन आल्या. दुसऱ्यांदा लेकीने तिथे स्टूल टाकून बैठकच मारली.

ब्रेड मात्र कुणाला न विचारता फुगत होता. वर मधोमध एक लांब चीर पडली. “भेगाळला!” काका म्हणाले. त्यांच्या खात्यात भेग म्हणजे चौकशी समिती. लेकीने सांगितलं, तशीच पडायला हवी. कडा आधी भाजतात, मधलं पीठ नंतर फुगून वर येतं, त्याला वाट लागते. मग दालचिनीचा आणि जायफळाचा, आणि हो, वेलदोड्याचाही, वास जिन्यात गेला आणि खालच्या मजल्यावरून “काय चाललंय हो?” अशी हाक आली. दार उघडून काडी खुपसून बघायची वेळ आली तेव्हा टूथपिक सापडेना. खराट्याची काडी आईने सुचवली आणि लेकीने नाकारली. शेवटी काकूंच्या विणकामाची सुई गरम पाण्याने धुऊन घेतली. सुई स्वच्छ बाहेर आली. ओव्हन बंद केल्यावर आईने लगेच आत रवा ठेवला, “गरम आहे तोवर.”

शेवटची अट सगळ्यात जाचक होती. ब्रेड पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही. गरम असताना आतला भाग अजून जमलेला नसतो, वाफ कोंडलेली असते, सुरी लावली की चुरा होतो. दुसऱ्या दिवशी तर तो जास्तच चांगला लागतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी! तव्यावरची पोळी ताटात पडेपर्यंत निवली तर ज्या घरात सुस्कारा टाकतात, त्या घरात ताज्या पदार्थाकडे नुसतं बघत बसायचं. लेकीने टिन जाळीवर ठेवला आणि घड्याळ लावलं.

आई उठली. तिने छोटी चांदीची वाटी काढली, सुरी घेतली.

“आजी, अजून गरम आहे!”

“देवाला गरमच दाखवतात,” आई म्हणाली.

ह्याला उत्तर नव्हतं. अंडं नव्हतं, कांदा-लसूण नव्हता, गोड होतं. नैवेद्याला नाही म्हणायला शास्त्रात आधार सापडेना. सुरी लागली, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चुरा झाला. देवाच्या वाटीत त्यातला बरा भाग गेला. एकदा कापलेलं झाकून ठेवू नये, असं काकूंनी लगेच शोधून काढलं, आणि उरलेला ब्रेड घड्याळ वाजायच्या आत संपला. काकांनी त्यावर तूप घेतलं. काकूंनी चहात बुडवला. बायकोने सालांच्या चटणीबरोबर खाऊन बघितला आणि कुणाला न सांगता पुन्हा घेतला. मी कडेचा कुरकुरीत तुकडा आधीच लांबवला होता. थोडा घट्ट झाला होता हे खरं, ढवळणारे हात जास्त झाले. पण ते तेव्हा कुणी काढलं नाही. लेक टिनाच्या तळाला चिकटलेलं खरवडत होती आणि बरीच खूश दिसत होती.

संध्याकाळी आईने इंदूरला फोन लावला. काकांची तब्येत दोन वाक्यांत संपली.

“अहो वन्सं, मघाशी उचलला नाही, सोडा घातला होता. ... नाही हो, ढोकळा कुठला, ब्रेड. सफरचंदाचा. ... काही अवघड नाही. आमटीच्या वाटीने दोन वाट्या मैदा घ्या. वाटीभर दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल. सोडा अगदी जरासा, अंदाजाने. दालचिनी नसली तरी चालेल, जायफळ मात्र हवंच. ... हो, गुठळ्या राहू द्यायच्या. अहो, राहू द्यायच्या, त्याचं शास्त्र आहे. ... छे छे, दहा मिनिटांचं काम. फक्त एक करा, घरात कुणी नसताना करा.”